हीट जिंकली, तरी अकरावी कशी? इनडोअर ट्रॅकवरच्या एका बाबांना उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. लेक सोफोमोर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीत. मॅसॅच्युसेट्सच्या डिव्हिजनल चॅम्पियनशिपला ती ६०० मीटर पळाली आणि स्वतःच्या हीटमध्ये पहिली आली. वेळ १:४२.८०. तुम्ही गॅलरीतून ओरडून घसा बसवून घेतलात, शर्यतीचा व्हिडिओ लगेच आजीला पाठवलात. अर्ध्या तासाने निकाल पाहिला, तर ती अकरावी. नंतरच्या हीटमध्ये सहावी आलेली मुलगी तिच्या वर. फायनल झालीच नाही. त्यात ३०० मीटरमध्ये तिचं नाव होतं, ते कोचने काढलं आणि तिला ४×४०० रिलेत घातलं. हा अन्याय नाही का, आणि कोचला इमेल लिहावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेले चौदा हिवाळे बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत असिस्टंट कोच आहे, आणि जमेल तेव्हा शनिवारी-रविवारी स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते. लहानपणी सांगली जिल्ह्यात चुन्याने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर ८०० पळायचे. तिथे हीट जिंकली की फायनल ठरलेली. त्यामुळे इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझाही तुमच्यासारखाच गोंधळ उडाला होता.

मुळात तिथे हीट नव्हतीच. सगळे हीट म्हणतात, मीही म्हणते, पण तो ‘सेक्शन’ होता. एका ट्रॅकवर पंचवीस-तीस मुली एका वेळी मावत नाहीत, म्हणून त्यांचे गट पाडतात, प्रत्येक गट एकदाच पळतो आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा एका यादीत लावतात. तीच यादी म्हणजे निकाल. तुमची लेक शर्यतीत दिसलेल्या पाच-सहा मुलींशी पळत होती असं तुम्हाला वाटलं. प्रत्यक्षात ती वीस मिनिटांनी पळणार असलेल्या मुलींशीही पळत होती. ५५ मीटरला मात्र खऱ्या हीट आणि खरी फायनल असते, कारण सात-आठ सेकंदांची शर्यत दिवसातून दोनदा पळता येते. ६०० दोनदा पळून बघा म्हणावं! त्यातून एकाच इमारतीत एकामागून एक डिव्हिजनच्या स्पर्धा उरकायच्या असतात. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

(५५ मीटर, ३००, ६००, १०००, मैल, दोन मैल ही विचित्र अंतरं कुठून आली, असंही तुम्ही विचारलंय. ती जुन्या यार्डांची पोरं आहेत. ६० यार्ड म्हणजे ५४.८६ मीटर, त्याचे झाले ५५. मैल अजून मैलच आहे: २०० मीटरच्या आठ फेऱ्या आणि वर नऊ मीटर. न्यू जर्सीतल्या शाळा ४०० आणि ८०० पळतात, त्यामुळे तिकडच्या भाचीशी तुलना करून काही हाती लागणार नाही.)

कोणती मुलगी कुठल्या गटात जाणार हे ठरतं सीड टाइमवर. हंगामात नोंदलेली जी वेळ कोचने प्रवेशिकेत भरली, तिच्या क्रमाने गट पडतात. वेगवान मुली एका गटात, त्यांच्या खालच्या पुढच्या गटात. बहुतेक ठिकाणी संथ गट आधी आणि वेगवान शेवटी पळवतात, काही ठिकाणी उलट. तुमच्या लेकीचा सीड टाइम तुम्ही १:४६ लिहिलाय, तो डिसेंबरमधला. मग ती संथ गटात गेली यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की जानेवारीत ती याहून चांगली पळाली होती का, आणि ती वेळ प्रवेशिकेत गेली का?

इथे माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीने आठवड्यातल्या मधल्या दिवशीच्या एका छोट्या मीटमध्ये १:४१ मारला. डिव्हिजनलच्या प्रवेशिका मी भरल्या आणि तिच्या नावापुढे डिसेंबरचा १:४७ तसाच राहिला. ती पहिल्या, सर्वांत संथ गटात गेली. दुसऱ्या फेरीपासून तिच्या पुढे कुणी नाही, मागे कुणाच्या पावलांचा आवाज नाही. एकटी पळून १:४१.९ आणि नववी, आठव्या मुलीपेक्षा तीन दशांश मागे. गुण आठ जणींना. वेगवान गटात असती तर कुणाच्या तरी पाठीला लागून ते तीन दशांश तिने काढले असते, असं मला आजही वाटतं. तिला आणि तिच्या घरच्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं की चूक माझी होती. तेव्हापासून प्रवेशिकेची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री मी प्रत्येक मुलाला त्याचा आकडा दाखवते. तुमच्या शाळेत तशी पद्धत नसेल तर पुढच्या वर्षी लेकीला स्वतः विचारायला सांगा. सीडची यादी स्पर्धेच्या आधी बाहेर येते, बहुतेक निकाल माईलस्प्लिट किंवा अ‍ॅथलेटिक डॉट नेट या संकेतस्थळांवर असतात, ताडून बघायला दहा मिनिटं लागतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मात्र कुणी सीड बदलून देत नाही, आणि पंच म्हणून मीही देत नाही.

पण खरं सांगू? तुमच्या बाबतीत मला गट हे मोठं कारण वाटत नाही. तुम्ही व्हिडिओवरून तिन्ही फेऱ्यांच्या वेळा काढून लिहिल्यात, त्याबद्दल तुमचं कौतुक, कारण उत्तर त्यातच आहे. ३१.०, ३५.१, ३६.७. आठव्या मुलीची वेळ १:४१.२०. म्हणजे दीड सेकंदाहून थोडं जास्त कमी पडलं, आणि तुमच्या लेकीची शेवटची फेरी पहिलीपेक्षा ५.७ सेकंदांनी संथ आहे.

६०० मध्ये पहिली फेरी जलद जाणारच. अंगात ताजेपणा असतो, आणि लेनमधून आत यायचं तर पुढे असलेलं बरं. मीसुद्धा तिन्ही फेऱ्या सारख्या पळा असं सांगत नाही. पण जिची एकूण वेळ १:४२ आहे तिने पहिली फेरी साडेबत्तीसच्या आत काढली की मी गॅलरीखाली उभी राहून डोळे मिटते. तिसऱ्या फेरीत मांड्या जड होतात, हात छातीपाशी येतात, आणि पहिल्या फेरीत वाचवलेल्या एका सेकंदाचे दोन-तीन मोजावे लागतात. ३२.५, ३४.२, ३४.८ अशी विभागणी केली तर होतात १:४१.५. तीच मुलगी, तेच फुप्फुस. वेगवान गटात असती तर? सांगता येत नाही. कुणी पुढे ओढून नेलं असतं, किंवा पुढच्या मुलींच्या नादात पहिली फेरी तीसमध्ये काढून ती शेवटी कोसळली असती. दहावीतल्या मुली बहुधा दुसरं करतात.

एक गोष्ट व्हिडिओत पुन्हा बघा. दुसऱ्या फेरीत तिने पुढच्या मुलीला कुठे गाठलं? तुम्ही लिहिलंय, ‘वळणावर बाहेरून मस्त मागे टाकलं’. मस्त दिसतं खरं. पण एक मीटर बाहेरून अख्खी फेरी पळालं तर ६.२८ मीटर जादा पडतात, एका वळणाला ३.१४. तिच्या वेगाने हे अर्ध्या सेकंदाहून जास्त होतं. २०० मीटरच्या ट्रॅकवर सरळ पट्टा जेमतेम पंचेचाळीस मीटरचा, त्यामुळे मुलांना धीर निघत नाही. वळणात आतल्या मुलीच्या खांद्यामागे बसायचं आणि सरळ पट्टा लागताच सुटायचं, हे मी आमच्या मुलांकडून शाळेच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू मांडून घोटून घेते. बर्फ असला तर हॉलवेत.

हॉलवेचं हसू नका. इथल्या किती तरी शाळांकडे स्वतःचा इनडोअर ट्रॅक नाही. आम्ही लॉकरच्या रांगांमधून पळतो, टोकाला गेलं की भिंतीला हात लावून मागे फिरतो, आणि सफाईवाल्या काकांनी नुकतीच फरशी पुसली असेल तर वाट बघतो. मुलं खऱ्या ट्रॅकवर फक्त स्पर्धेच्या दिवशी जातात. त्यात या फरशीवर नडगी धरते. लेक ‘शिन दुखतेय’ म्हणाली तर दुर्लक्ष करू नका. दुखरी जागा बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरकडे न्या.

आता ३०० चं. तिथे तिचा सीड बाविसावा होता असं तुम्हीच लिहिलंय. तिला पहिली किंवा दुसरी लेन मिळाली असती याची मला जवळजवळ खात्री आहे, कारण कुठल्या लेन चांगल्या हे स्पर्धा समिती आधी ठरवते आणि सपाट ट्रॅकवर वरच्या सीडना बाहेरच्या लेन देतात. याला कारण आहे. मैदानावरच्या ४०० मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर. आत, २०० मीटरच्या ट्रॅकवर ती १७ च्या आसपास, निम्म्याहून कमी. ३०० मीटर ४४ सेकंदांत पळणारी मुलगी मैदानावरच्या वळणावर सात-आठ अंश आत झुकते. इनडोअरच्या पहिल्या लेनमध्ये तिला पंधरा अंश झुकावं लागतं, सहाव्यात बाराच्या आसपास. आपल्याकडे मौत का कुवामध्ये मोटारसायकलवाला भिंतीवर का चढतो, तेच हे. ज्याची वळणं आतल्या बाजूला कललेली असतात त्या ट्रॅकवर ते काम लाकूड आणि लोखंड करतं. सपाटवर घोटा आणि नडगी करते.

म्हणूनच वेळेची तुलना करताना इमारत बघा. रॉक्सबरीचं रेजी लुईस सेंटर १९९५ साली उघडलं, बॉस्टनच्या सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा कर्णधार रेजी लुईस १९९३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, त्याच्या नावाचं. इथल्या शालेय ट्रॅकचं ते पंढरपूर आहे, पण ट्रॅक सपाट. ब्रायटनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या ‘द ट्रॅक अ‍ॅट न्यू बॅलन्स’मध्ये वळणं हायड्रॉलिकने वर उचलली जातात. न्यूयॉर्कच्या १६८व्या रस्त्यावरच्या आर्मरीतही कललेला ट्रॅक आहे. त्याच मुलीला तिथे ३०० मीटरमध्ये काही दशांश फुकट मिळतात. कॉलेजच्या पातळीवर तिथल्या खेळांची संघटना एनसीएए सपाट आणि कललेल्या ट्रॅकच्या वेळा रूपांतर करूनच जुळवते. शाळेत तसं सरसकट होत नाही. तेव्हा ‘मैत्रिणीने आर्मरीत ४२.९ मारला’ हे ऐकून घरी तोंड पाडून बसू नये.

कोचने ३०० का काढली, हा पुढचा मुद्दा. मी तिथे नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. चॅम्पियनशिपला गुण असे असतात: पहिल्याला १०, मग ८, ६, ५, ४, ३, २, १. बावीसाव्या सीडची मुलगी ३०० मध्ये फार झालं तर पंधरावी येईल, गुण शून्य. ६०० आणि ३०० मध्ये त्या दिवशी चाळीसेक मिनिटांचं अंतर, म्हणजे ३०० ही तिने अर्ध्या पायांनीच पळाली असती. रिले सगळ्यांत शेवटी. तुम्ही लिहिलंय की रिलेत संघ पाचवा आला आणि तिने तिसरा लेग (टप्पा) ६३ सेकंदांच्या आत काढला. पाचव्याचे चार गुण. मीही हेच केलं असतं, आणि आदल्या दिवशी केलं असतं. तुमचं दुखणं मला वाटतं इथे आहे: तिला हे वॉर्मअप चालू असताना कळलं. ही तक्रार रास्त आहे. शेवटच्या क्षणी खरंच कुणी आजारी पडली असेल तर गोष्ट वेगळी.

इनडोअर रिले सोपी नसते, हे गॅलरीतून कळत नाही. बॅटन घ्यायला उभ्या मुलींना पंच येणाऱ्या धावपटूंच्या क्रमाने आत-बाहेर सरकवत राहतात, कोपर लागतात, एखादी पडते. जी दहावीत तिसरा लेग पडू न देता नेते, तिच्याकडे कोचचं लक्ष असतं. ही शिक्षा नव्हती, असं माझं अनुभवावरून मत.

इमेल लिहू का? आज नको. बऱ्याच शाळांत चोवीस तासांचा अलिखित नियम असतो, स्पर्धेनंतर एक दिवस पालकांनी कोचशी निकालावर बोलायचं नाही. काही ठिकाणी तो लेखीही असतो. त्यानंतरही आधी लेकीने स्वतः जाऊन बोलावं. आपल्याकडे बाबांनी शाळेत जाऊन सरांना भेटणं यात काही वावगं नाही, उलट काळजी दिसते. इथे पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतः विचारणं अपेक्षित असतं, आणि पालकाचं इमेल आलं की कोच सावध भाषेत उत्तर लिहायला लागतो. तिने दोनच गोष्टी विचाराव्यात: माझा सीड कुठल्या वेळेवरून भरला होता, आणि पुढच्या वर्षी ६०० व रिले हेच माझं काम आहे का? निवड का बदलली यापेक्षा निवड कधी कळेल, हे विचारलेलं बरं. उत्तर समाधानकारक नसेल, किंवा दुखापतीची, वागणुकीची गोष्ट असेल, तर मग तुम्ही जरूर लिहा.

खोकल्याचं विचारलंत ते राहिलं. शर्यतीनंतर तासभर कोरडा खोकला आणि जिभेवर धातूसारखी चव, हे इनडोअरला इतकं नेहमीचं आहे की मुलं त्याला ‘ट्रॅक हॅक’ म्हणतात. कोरडी, धूळभरली हवा आणि पूर्ण जोर लावून घेतलेला श्वास. दिवसभर घोट घोट पाणी पीत राहिलं आणि शर्यतीनंतर दहा मिनिटं चालत राहिलं तर कमी होतो. मात्र छातीत घरघर येत असेल, श्वास सोडताना शिट्टी वाजत असेल किंवा सरावातही तसं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने दमा उठणारी मुलं आमच्या संघात दर वर्षी एक-दोन असतात आणि इन्हेलर घेऊन छान पळतात.

खाणं: चार-पाच तास गॅलरीत काढायचे असतात, तेव्हा डबा लागतोच. शर्यतीच्या तीन तास आधी पोहे किंवा पोळी-जॅम चालेल, मग थोडं थोडं केळं. हंगाम ऐन संक्रांतीत येतो, त्यामुळे दर वर्षी कुणी ना कुणी काकू तिळाचे लाडू घेऊन येतात आणि अख्खा संघ तुटून पडतो. शर्यत झाल्यावर द्या. आधी दिलेला लाडू तिसऱ्या फेरीत आठवतो.

स्पाइक्सबद्दल एवढंच, की प्रत्येक इमारतीचा नियम वेगळा असतो. पाव इंच किंवा त्याहून आखूड, पिरॅमिड आकाराचे खिळे बहुतेक ठिकाणी चालतात. सुट्या खिळ्यांची एक डबी आणि पाना बॅगेत ठेवा.

नॅशनल्सचा खर्च करावा का, असं शेवटी विचारलंय. नावावर जाऊ नका. राज्य पातळीच्या पुढे शाळांच्या महासंघाची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा नसते. मार्चमधल्या न्यू बॅलन्स नॅशनल्स इनडोअर आणि नायकी इनडोअर नॅशनल्स या बुटांच्या कंपन्यांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धा आहेत. पात्रतेची वेळ गाठून, फी भरून, शाळेऐवजी बहुधा क्लबच्या नावाने मुलं उतरतात. अनुभव मोठा असतो. तुमच्याकडे बॉस्टनमध्येच होत असेल तर आधी एक दिवस नुसती बघायला घेऊन जा. ‘कॉलेजला उपयोग होईल’ एवढ्यासाठी आत्ता पैसे घालू नका. तुम्ही आयव्ही लीगचा उल्लेख केलाय म्हणून सांगते, तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. कोच प्रवेशाच्या वेळी शब्द टाकू शकतात, पण त्यासाठी वेळ १:४२ पेक्षा बरीच कमी असावी लागते. अजून दोन हिवाळे आहेत.

तोवर एक सराव. आठवड्यातून एकदा, २०० मीटर तीन वेळा, प्रत्येकी ३४ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिला ३१ मध्ये आला तर तो मोजायचा नाही, पुन्हा पळायचा. तिला हे फार कंटाळवाणं वाटेल. वसंतात मैदानावर ४०० सुरू होईपर्यंत हा अंदाज पायात बसला तर डिसेंबरमध्ये पहिल्याच मीटला सीड टाइम सुधारेल, आणि गटाचा प्रश्न आपोआप सुटेल.

आणि आजीला फोन करून अकरावा नंबर वगैरे दुरुस्ती सांगत बसू नका. हीट जिंकली म्हणालात ना, ती जिंकलीच होती.